शुभ्रपंखीसाठी स्थळ

मावशीचा पाय मोडला तो धंद्यापायी. एक तालेवार स्थळ "कळवतो" म्हणून तिच्या कार्यालयाचा जिना उतरलं आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्या विवाह मंडळाकडे निघालं. खिडकीतून ते दिसताच मावशी त्यांना आडवी जायला धावली, शेवटच्या पायऱ्या तिने एका दमात घेतल्या आणि घोटा नको त्या बाजूला वळला. स्थळ गेलं ते गेलंच. मुलाच्या आईने मागे वळून "जपून हं मावशी" म्हटलं, ते तिला घोट्यापेक्षा जास्त लागलं.

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती लग्नं जुळवायची. सगळं गाव तिला मावशी म्हणे आणि तिच्या नवऱ्याला काका. 'खाण तशी माती' एवढ्या भांडवलावर तिचा व्यवहार उभा होता. मुलगा काय करतो, मुलगी कशी बोलते, हे ती मागाहून विचारी. आधी आजोबा. मग आजीचं माहेर. मग घराण्यात कोणी पळून गेलंय का, कोणी गप्पगप्प असतं का, कोणाला लवकर टक्कल पडलंय का. तिचं स्वतःचं लग्न सख्ख्या आतेभावाशी झालेलं, त्याचा तर तिला केवढा अभिमान. "आमच्यात बाहेरचा थेंब नाही," असं ती दुधाबद्दल बोलावं तसं सांगायची.

काका छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाले होते. जन्मभर लोकांच्या चुकांवर लाल खुणा केलेल्या या माणसाला घरातल्या चुकांवर मात्र साधी पेन्सिलही टेकवायची मुभा नव्हती.

पायाला प्लास्टर घालून मावशी पलंगावर आली आणि घरातल्यांचे ग्रह फिरले. पलंगावरून ती स्वयंपाकघर चालवू लागली.

"गॅस बारीक करा, करपतंय!"

"अगं, मी अजून पेटवलाच नाहीये," काका आतून म्हणत.

"मग एवढा वेळ करताय काय?"

शेवटी चिमणीने उपाय काढला. चिमणी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिशी उलटली तरी तिचं लग्न व्हायचं होतं. लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार. मावशी म्हणायची, तोलामोलाचं मिळत नाही. तर चिमणीने प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून हातात मावेल एवढा एक व्हिडिओ गेम मागून आणला आणि आईच्या उशाशी ठेवला.

"हे काय आणलंस?"

"गेम आहे. यात राक्षस असतात. ते रानात पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्यांच्या राक्षसांशी लढवायचे."

"बाहेरचे कमी पडले म्हणून पलंगावर राक्षस?" मावशी म्हणाली. "ने तिकडे."

पण दुपारी सगळं गाव झोपतं, फोन कोणी उचलत नाही. मावशीने तो गेम हातात घेतला तो निव्वळ त्यात काय वाईट आहे हे बघायला. संध्याकाळी चिमणी घरी आली तेव्हा आई उठून बसली होती आणि चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून होती.

"चिमणे, यात एक पाळणाघर आहे."

"हो. तिथे दोन राक्षस एकत्र ठेवले की अंडं मिळतं. पिल्लात थोडं आईचं येतं, थोडं बापाचं."

"ते कळलं मला. पण ते पाळणाघर चालवणारी म्हातारी बघितलीस? कोणालाही कोणाशेजारी ठेवते. चौकशी नाही, पारख नाही, वर हसते! मी असते तर दुसऱ्या दिवशी टाळं लागलं असतं."

त्या दिवसापासून पाळणाघराचा कारभार मावशीने आपल्याकडे घेतला. गेममध्ये शेकड्यांनी राक्षस होते. कोणी आग ओकणारे, कोणी काटेरी, कोणी नुसतेच ओले. मावशीचं मन बसलं ते शुभ्रपंखीवर. पांढरे लांब पंख, डोक्यावर तुरा, मान अशी वळवायची की समोरच्याला आपण चपला घालूनच घरात आलो असं वाटावं. "बघितलं की कळतं हो," मावशी काकांना म्हणाली, "चांगल्या घरची आहे." आणि तिची नावड होती चिखल्यावर. चिखल्या म्हणजे गढूळ रंगाचा, बिनमानेचा एक गोळा. रानात पावलोपावली सापडायचा आणि फुकट मिळतो म्हणून सगळ्यांकडे असायचा.

मावशीने नेम केला: शुभ्रपंखीची जोडी शुभ्रपंखीशीच. पिल्लं झाली, त्यातली पांढरी स्वच्छ तेवढी ठेवली, ज्यांच्या पंखांवर करडा ठिपका दिसला ती रानात सोडली. उरलेल्यांची लग्नं पुन्हा आपापसात लावली. काका मागे उभे राहून बघत होते.

"अगं, ती दोघं सख्खी भावंडं आहेत."

"पण रंग बघा ना."

"आणि ही त्याची आत्या."

"आपल्याकडे काय वेगळं झालंय?" मावशी म्हणाली, आणि काका चहा ठेवायला गेले.

चारसहा पिढ्यांनी मावशीच्या हाती अशी काही शुभ्रपंखी आली की पडदा उजळून निघाला. पंख तर चांदीचे. तिला घेऊन मावशी पहिल्या लढाईत उतरली. समोर आला चिखल्या. चिखल्या एकदा नुसता अंगावर लोळला. शुभ्रपंखीने मान वळवली, डोळे मिटले आणि आडवी झाली. दुसऱ्या लढाईत तिला कोणी हातही लावला नाही; ती वाऱ्यानेच पडली.

"आजारी असेल," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "समोरच्याला लढायची रीत नाही." आणि मग जे म्हणाली ते तिच्या स्वभावाला धरून होतं: "चांगल्या घरच्यांनी लढायचंच कशाला?"

प्लास्टर निघालं. मावशी काठी टेकत कार्यालयात परतली, पण गेम पर्समध्ये होता आणि डोक्यात एक नवी पद्धत होती. गेममध्ये प्रत्येक राक्षसाला आकडे असत: ताकद एवढी, चिवटपणा एवढा, राग एवढा. मावशीला वाटलं, इतकी वर्षं आपण नुसत्या अंदाजाने काम केलं. आता मुलाला आकडे, मुलीला आकडे, दोन्हीकडच्या आईबापांना आकडे, आणि सगळ्याची गोळाबेरीज करून होणारं पोर कसं निघेल तेही आधीच सांगायचं.

काकांना वाटलं होतं, लोक चपला हातात घेऊन पळतील. झालं उलटंच. लोकांची रीघ लागली. आजवर हेच लोक खुर्चीच्या कडेवर बसून "आमच्या काही अपेक्षा नाहीत हो, मुलगी फक्त घरात मिसळणारी हवी" असं म्हणायचे आणि घरी जाऊन नाकाचं माप काढायचे. आता मनातलं ओठांवर आणायला त्यांना शास्त्र मिळालं.

"मावशी, चिवटपणात आमच्या मुलाला कमी का धरलंत?"

"तीन नोकऱ्या सोडल्या त्याने."

"सोडल्या नाहीत, त्यांनी काढलं. मग वाढवाल ना थोडे?"

दुसरे एक गृहस्थ मुलीच्या रागाचे आकडे कमी करून मागत होते. कमी होईनात, तेव्हा त्यांनी मावशीच्या टेबलावर अशी मूठ आपटली की मावशीने त्यांचेही आकडे वाढवले. थोड्याच दिवसांत बाहेरच्या बाकांवरच्या आयांच्या हातांत तोच गेम दिसू लागला. आया मान खाली घालून राक्षसांची अंडी उबवायच्या आणि मध्येच मान वर करून शेजारच्या बाकावरच्या मुलीचे खांदे बघायच्या.

त्यांतली सगळ्यात पुढची होती कंत्राटदारीणबाई. नवरा पुलांची कंत्राटं घ्यायचा म्हणून हे नाव. तिचा मुलगा उंच होता, गोरा होता, बोलायला कमी होता आणि कामाला त्याहून कमी. पण उंची, रंग, आजोबांचा बंगला आणि कोणाशी न भांडण्याचा स्वभाव धरून मावशीच्या हिशेबात तो सगळ्यांच्या वर बसला. कोणाशी भांडत नाही तो उठतच नाही म्हणून, हे आकड्यांत बसत नव्हतं. त्याच्या तोडीची मुलगी गावात सापडेना. आणि तेव्हा मावशीच्या डोक्यात आलं, तोडीची एक आपल्याच घरात आहे की!

हे ती सांगायला गेली, त्याच संध्याकाळी चिमणीलाही काहीतरी सांगायचं होतं.

"आई, मी लग्न ठरवलंय."

"मीही," मावशी म्हणाली. "आधी माझं ऐक."

"नको, आधी माझं. इस्पितळाच्या लिफ्ट दुरुस्त करायला जो येतो ना, त्याच्याशी."

मावशी खाली बसली. चिमणीने सांगितलं की एकदा दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती, आत ती आणि रक्ताच्या बाटल्यांचा ट्रे. वरून त्याचा आवाज आला, घाबरू नका, ट्रे खाली ठेवा आणि तुमच्या आवडीचं काहीतरी सांगत राहा. "आई, मी बोलत राहिले आणि तो ऐकत राहिला. लिफ्ट सुरू झाल्यावरही."

"बाप काय करायचा त्याचा?"

"त्याला माहीत नाही. त्याच्या मावशीने वाढवलंय त्याला."

"म्हणजे अर्धी बाजू कोरी!" मावशी कळवळून म्हणाली. "चिमणे, कोऱ्या बाजूला मी आकडे कुठून आणू?"

"कोण मागतंय?"

"उद्या पोर झालं तर कोणावर जाईल ते?"

"तुझ्यावर नाही गेलं म्हणजे मिळवली," चिमणी म्हणाली आणि आत गेली. काका वर्तमानपत्राच्या आड होते. वर्तमानपत्र थरथरत होतं.

मावशीने हार मानली नाही. पुढच्या रविवारी तिने कंत्राटदारीणबाईला घरी चहाला बोलावलं. चिमणीला सांगितलं, नुसता चहा आहे. चिमणी म्हणाली, नुसताच असेल तर मीही बसते. आणि ती खरोखरच समोर येऊन बसली, पायावर पाय टाकून.

कंत्राटदारीणबाई एकटीच आली. मुलगा झोपला होता. तिने बिस्किट उचललं, चिमणीकडे नीट बघितलं, दोनचार प्रश्न विचारले, आणि पर्समधून गेम काढून मांडीवर ठेवला, जसा वकील कायद्याचं पुस्तक ठेवतो.

"मावशी, तुमच्याच पद्धतीने मी घरी हिशेब मांडून बघितला," ती म्हणाली. "मुलगी छान आहे. शिकलेली, तब्येतीने खणखणीत. मुलीत काही खोट नाही."

"नसणारच," मावशी म्हणाली.

"खोट आईत आहे."

मावशी चहा ओतत होती, तो बशीत गेला.

"राग मानू नका. पण तुम्हीच शिकवलंत ना, मुलीत पुढे आईच उतरते. तुमचं हाड ठिसूळ. साध्या जिन्यावरून उतरताना मोडलं. तुमचा राग मी दहापैकी दहा धरला होता, आमचे हे म्हणाले अकरा धर. आणि मुख्य म्हणजे तुमचं लग्न घरातल्या घरात." बाईने आवाज खाली आणला. "माझी शुभ्रपंखी अशीच गेली हो. दिसायला इतकी गोड होती. वाऱ्याने पडली."

"माझ्यात आणि त्या कोंबडीत काही फरक आहे की नाही?" मावशी ओरडली.

"आहे ना," बाई समजुतीच्या सुरात म्हणाली. "तिला राग नव्हता." मग ती उठली, चपला घातल्या आणि दारात म्हणाली, "कळवतो आम्ही."

मावशीने हा शब्द आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवला होता. मुलींचे बाप जिन्यात थांबून विचारायचे, मावशी, त्यांचं काय झालं? तेव्हा ती वहीतून मान वर न काढता म्हणायची, कळवतील. तो कानाला कसा लागतो ते तिला माहीत नव्हतं. ती खुर्चीत बसून राहिली. चहावर साय धरली. आपल्या मुलीसमोर, आपल्या घरात, आपलंच बिस्किट खाऊन एक बाई आपल्याला नापास करून गेली होती, आणि तिचा हिशेब कुठेही चुकलेला नव्हता. रडू आलं तसं तिने कपबश्या गोळा करायला घेतल्या आणि त्या उगाचच आपटल्या.

चिमणी हसली नाही. ती हसेल म्हणून मावशीने तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली. चिमणीने तिच्या हातातून कपबश्या घेतल्या. "बस आई. पाय सुजलाय बघ तुझा."

काकांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच पेन्सिल टेकवली. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी चिमणीबरोबर नोंदणी कार्यालयात जाणार आहे. सही करायला. तुला यायचं असेल तर तयार हो, नसेल तर जेवण झाकून जाईन."

मावशी आतल्या खोलीत गेली आणि गेम काढला. शुभ्रपंखीला तिने पाळणाघरात नेलं आणि म्हातारीच्या हवाली केलं. मग रानात जाऊन एक चिखल्या पकडला, तो पहिल्याच पावलाला सापडला, आणि त्यालाही नेऊन शेजारी ठेवला. म्हातारी हसली. मावशीने तिला मनातल्या मनात एक शिवी दिली.

अंडं फुटलं तेव्हा काका शेजारीच होते. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की बाहेरचं रक्त मिसळलं की संतती दणकट होते, म्हणून ते उत्सुकतेने वाकून बघत होते. पिल्लू निघालं ते चिखलाच्या रंगाचं, बिनमानेचं, आणि पाठीवर दोन पांढरी पिसं, चुकून चिकटल्यासारखी. मावशीने त्याला लढाईत उतरवलं. समोरच्याने नुसतं खाकरल्यासारखं केलं, आणि पिल्लू आडवं झालं.

"दिसायला बापासारखं, पडायला आईसारखं," काका म्हणाले. "दोन्हीकडचं घेतलंय. तक्रारीला जागा नाही."

काकांना वाटलं, आता हे जाणार रानात. पण मावशीने त्याला सोडलं नाही. "राहू दे," ती म्हणाली. "कुठे जाईल बिचारं?" मग लगेच पुढे, "पण याचा अर्थ मी लग्नाला येते असा काढू नका."

लग्नाला ती आली, आणि सगळ्यांच्या आधी तयार होऊन आली. तिच्या लग्न जुळवायच्या कार्यालयात मात्र तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. मावशीने आकड्यांतून 'मुलीची आई' ही बाजूच वगळून टाकली, तर आयांनी गलका केला की असं मध्येच नियम बदलता येत नाहीत. कंत्राटदारीणबाईने सगळ्यांना आपल्या घरी बोलवायला सुरुवात केली आणि दिवाणखान्यात आकडे मांडू लागली, मूळ पद्धतीने, एक आकडाही न बदलता. गर्दी तिकडे गेली. तिचा मुलगा अजून सगळ्यांच्या वरच आहे. त्याच्या तोडीची मिळत नाही म्हणून तो झोपलेला असतो. मावशीकडे उरले ते जुने लोक, खुर्चीच्या कडेवर बसून "आमच्या काही अपेक्षा नाहीत" म्हणणारे. तिला ते हल्ली बरे वाटतात.

नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या. लिफ्टवाला मुलगा अंगाने किरकोळ, हसरा. त्याने वाकून मावशीला विचारलं, "पाय कसा आहे?" मावशीने खरमरीत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, "दुकानावरचा जिना चढताना दुखतो," आणि तो लगेच म्हणाला, "तिथे लिफ्ट बसत नाही, मी बघून आलोय. कठडा मात्र बसेल."

जेवणाच्या टेबलावर ओळखीपाळखीचे जमले तशी मावशीची कळी खुलली. डावीकडच्याला तिने सांगितलं, "ही जोडी मीच जमवलेली." उजवीकडच्याला सांगितलं, "मुलगा कधीचा माझ्या नजरेत होता." समोर बसली होती मुलाची मावशी, रस्ते झाडायची मोठी गाडी चालवणारी, जाड मनगटांची बाई. तिने शांतपणे जेवता जेवता विचारलं,

"असं होय? मग आमची चौकशी केलीत कधी?"

"केली की," मावशी म्हणाली.

"काय कळलं?"

मावशीने खरंच कोणाला काही विचारलं नव्हतं. कोरी बाजू ती कोरीच समजून बसली होती.

"मी मात्र तुमची केली होती," ती बाई म्हणाली. "गाडी घेऊन सगळ्या गल्ल्यांतून जाते मी. जो भेटेल त्याला विचारलं."

"मग? काय म्हणाले लोक?"

"म्हणाले, आई फटकळ आहे, कोणाचं ऐकत नाही. पण मुलगी बापावर गेलीय." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "म्हटलं, मग हरकत नाही."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काका आइस्क्रीम खात होते, दुसरी वाटी. मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू या माणसात पुढे उतरण्यासारखं काही असेल हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मग तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "मुलीकडच्यांनी जरा हसा," आणि तिला हसावं लागलं.